छोट्या केगमधली बिअर: फेस जास्त आणि गॅस कमी, हे एकाच वेळी कसं होतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. फोंड्याला घरी पंधरा लिटर पेल एल बिअर केली. त्यातली पाच लिटर स्टीलच्या छोट्या केगमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद पिंपात भरली, वर रेग्युलेटर असलेली तोटी बसवली आणि १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचं कार्ट्रिज, म्हणजे छोटी गॅसकुपी लावली. दाबाचा काटा १ बारवर (बार हे दाबाचं एकक) ठेवून केग हलवला आणि तीन तास फ्रिजमध्ये ठेवला. पहिले ग्लास नुसत्या फेसाचे आले. दाब उतरवला तर पुढची बिअर सपक. दोन कार्ट्रिज गेली आणि केग अजून अर्धा भरलेलाच आहे. आता दाब वाढवायचा की कमी करायचा, केगच सदोष आहे का, २४ जूनला सांजांवसाठी (विहिरीत उड्या मारायचा गोव्यातला सण) शिवोलीच्या मित्राकडे तो न्यायचा तर कसा, आणि एवढ्या कटकटीपेक्षा मोठा केग नि सिलिंडर घ्यावा का, असे तुमचे प्रश्न.

बारमधल्या बिअरच्या लाइन बसवणं आणि बिघडल्या की दुरुस्त करणं हे माझं काम. घरी छोट्या बॅचही करतो. ‘फेस येतोय’ ही तक्रार आली की मी दाबाचा काटा सगळ्यात शेवटी बघतो. आधी थर्मामीटर काढतो आणि ग्लासात आलेल्या बिअरचं तापमान घेतो. फ्रिजवर ४ अंश लिहिलेलं असतं, पण ते फ्रिजमधल्या हवेचं. गोव्यात स्वयंपाकघरातल्या ३० अंशांवरून फ्रिजमध्ये गेलेली पाच लिटर बिअर तीन तासांत फार तर अठरा-वीस अंशांवर येते. तुमचं दुखणं तिथूनच सुरू झालंय असं मला वाटतं. केग सदोष असता तर कार्ट्रिज रात्रीत आपोआप रिकामं झालं असतं. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

फेस जास्त आला म्हणजे बिअरमध्ये गॅस जास्त आहे, असा समज सगळीकडे आहे. पुष्कळदा उलटं असतं. बिअर गरम असेल तर गॅस तिच्यात नीट विरघळत नाही, आणि जो थोडाफार विरघळलेला असतो तो तोटीतून बाहेर पडताना एकदम सुटतो. तुम्हाला दिसलेला फेस म्हणजे बिअरमधून निघून गेलेला गॅस. तो निघून गेल्यावर खाली ग्लासात जे उरतं ते सपकच असणार. त्यामुळे तुमच्या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे, आणि काटा वरखाली करून ती सुटणार नाही.

थोडे आकडे देतो, म्हणजे अंदाज येईल. बिअरमधला गॅस ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळला की तो एक व्हॉल्यूम, वजनाने साधारण २ ग्रॅम. पेल एलला २.२ ते २.५ व्हॉल्यूम छान लागतात. बिअर ४ अंशांवर असेल तर २.५ व्हॉल्यूमसाठी ०.८ बार, म्हणजे १२ पीएसआय दाब पुरतो. १० अंशांवर तेवढ्यासाठीच १.२ बार लागतो. ३० अंशांवर तो २.६ बारच्याही वर जातो. तुम्ही अर्धवट थंड बिअरला १ बार दिला, तेही थोडाच वेळ. तिच्यात गॅस कमी भरला. पण ती बाहेर ढकलली गेली ती मात्र पूर्ण १ बारने, आणि छोट्या केगच्या तोटीला वेग आवरणारी लांब नळी नसते. बारमध्ये पाच मिलिमीटर आतल्या व्यासाची दोन-तीन मीटर नळी मुद्दाम ठेवतात. बिअर तिच्या भिंतीला घासत येते आणि ग्लासात सावकाश उतरते. तुमच्याकडे केगचं तोंड आणि ग्लास यांच्यात वीतभर अंतर.

म्हणून छोट्या केगचं माझं पहिलं तत्त्व हे की गॅसची दोन कामं वेगळी ठेवायची. बिअरमध्ये विरघळणं हे एक काम, बिअर बाहेर ढकलणं हे दुसरं. दोन्ही एकाच कार्ट्रिजकडून करून घ्यायला गेलं की हिशोब जुळत नाही. आंबून झालेल्या बिअरमध्ये ३० अंशांवर सुमारे ०.७ व्हॉल्यूम गॅस आधीच असतो. तिथून २.२ पर्यंत न्यायचं तर पाच लिटरसाठी जवळपास १५ ग्रॅम लागतात, म्हणजे एक अख्खं कार्ट्रिज. मग रिकाम्या होत जाणाऱ्या केगची जागा भरायला आणखी १२-१४ ग्रॅम. शिवाय केग हलवताना, दाब सोडताना, वायसरमधून जातो तो गॅस वेगळा. तुमची दोन कार्ट्रिज कुठे गेली ते आता कळेल.

विरघळवण्याचं काम मी साखरेवर सोपवतो. बाटल्या भरताना करतात तसंच, केगमध्ये भरताना थोडी साखर घालायची आणि यीस्टला तिथेच गॅस तयार करू द्यायचा. चार ग्रॅम साखरेतून एक लिटर बिअरला साधारण एक व्हॉल्यूम गॅस मिळतो. छोट्या केगसाठी मी लिटरला ५ ग्रॅम धरतो. आधीचे ०.७ आणि हे सव्वा मिळून दोनच्या आसपास होतात. बाटलीला मी याहून जास्त घालतो, पण आखूड तोटीच्या केगला दोन व्हॉल्यूमच मानवतात. पाच लिटरच्या केगात भरायची असते ४.८ लिटर, म्हणजे साखर २४ ग्रॅम. चमच्याने घेऊ नका, वजनकाट्यावर घ्या. अर्धी वाटी पाण्यात पाच मिनिटं उकळून, गार करून केगच्या तळाला ओता आणि वरून बिअर सोडा, म्हणजे ती आपोआप मिसळते. माडाच्या गुळाचा मोह मलाही होतो, पण प्रत्येक ढेपेत ओल वेगळी असते, मग वजनाला अर्थ राहत नाही. गूळ घालायचाच तर बिअर बनवताना उकळीत घाला, केगात पांढरी साखरच बरी.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे: बिअर खरंच आंबून संपली आहे का? बिअरची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा सलग तीन दिवस तोच यायला हवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात यीस्ट झपाट्याने काम करतं आणि मग एकदम थांबल्यासारखं वाटतं. शिल्लक साखर नि वर तुमची साखर अशी भर पडली तर केगातला दाब भलता चढतो. नीट मोजलेल्या बिअरचा दाब ३५ अंशांच्या दुपारीही सव्वादोन-अडीच बारच्या पुढे जात नाही. साखर दुप्पट पडली तर त्याच दुपारी ४ बार होतो. केगवर कमाल दाब कोरलेला असतो तो वाचा. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्यावर टेप गुंडाळणारे महाभाग मी पाहिलेत, तसलं काही करू नका. आणि आतला दाब पूर्ण सोडल्याशिवाय झाकण कधीही उघडायचं नाही.

आता भरण्याबद्दल. बिअरचा खरा शत्रू हवा. फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याच्या नळाला फूडग्रेड नळी लावून तिचं टोक केगच्या तळाला टेकवा आणि बिअर शांतपणे चढू द्या. वरून धबधबा सोडला तर दोन आठवड्यांनी ओल्या पुठ्ठ्याची चव येते. वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. किती भरलं ते स्टीलमधून दिसत नाही, म्हणून केग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवूनच भरा. एक लिटर बिअर म्हणजे जेमतेम एक किलोच्या वर. थंड बिअर भरताना बाहेरून घामाची रेघ कुठवर आली ते बघून पातळी ओळखतात, पण इथल्या दमट हवेत सगळाच केग घामेजतो, त्या रेघेवर विसंबू नका. साखर घातलेल्या केगात वरची उरलीसुरली हवा यीस्ट बऱ्यापैकी वापरून टाकतं. अर्धवट वापरलेलं कार्ट्रिज हाताशी असेल तर १ बार गॅस द्यायचा आणि सोडायचा, असं चार-पाचदा करा. दर वेळी हवा निम्मी होते आणि जागा थोडी असल्यामुळे गॅसही फारसा जात नाही. काही जण रिकामाच केग आधी गॅसने धुऊन घेतात. सिलिंडर असेल तर उत्तम, पण कार्ट्रिजवर ते परवडत नाही. पाच लिटरच्या रिकाम्या केगाला एका धुण्यालाच जवळपास दहा ग्रॅम लागतात.

भरल्यावर झाकण लावून केग घरातच सावलीत ठेवा. आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत गॅस तयार होतो. मग फ्रिज. फ्रिजमध्ये किमान एक दिवस, खरं तर दोन. केगच्या वरच्या जागेतला गॅस थंड बिअरमध्ये उतरायला वेळ लागतो आणि गाळही त्या दोन दिवसांत तळाशी घट्ट बसतो. घाई असेल तर बर्फ आणि पाणी असलेल्या टबात ठेवा. नुसत्या बर्फाच्या खड्यांत हवा अडकते, पाण्यात केग चहूबाजूंनी गार होतो. मूठभर मीठ टाकलंत तर आणखी लवकर. पण हा उपाय बिअर गार करण्याचा आहे, गॅस मुरवण्याचा नाही.

कार्ट्रिज फोडायचं ते पिण्याच्या दिवशी. आधी रेग्युलेटर पूर्ण बंद करा, केग उभा ठेवा, मग कार्ट्रिज न थांबता एका दमात आवळा. मध्येच थांबलात तर वायसर बसत नाही आणि गॅस फुस्स होतो. केग आडवा असेल तर बिअर रेग्युलेटरमध्ये शिरते, पुढच्या महिन्यात तिथे बुरशी. आतला दाब रेग्युलेटरवर लावणार असाल त्याहून जास्त असेल तर आधी थोडा सोडून द्या, नाहीतर उलटा प्रवाह होतो. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. ओ-रिंगला (जोडातल्या रबरी कड्याला) फूडग्रेड सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला की बहुतेक गळत्या तिथेच थांबतात.

कार्ट्रिज घेतानाही लक्ष द्या. क्रीम फेटायच्या यंत्राची कार्ट्रिज दिसायला डिट्टो सोड्याच्या कार्ट्रिजसारखी असतात, पण त्यांत नायट्रस ऑक्साइड असतो. एअरगनच्या कार्ट्रिजमध्ये तेलाचा अंश असू शकतो. फूडग्रेड कार्बन डायऑक्साइड असं लिहिलेलंच घ्या, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

ओतताना दाब ०.२ ते ०.४ बार. बस, एवढाच. सुरुवातीला बिअरचा स्वतःचा दाबच तिला बाहेर आणतो, अर्धा केग झाल्यावर थोडा वाढवावा लागतो. मग कमी दाबावर बिअर सपक होणार नाही का? एका संध्याकाळी संपणार असेल तर नाही, गॅस सुटायला वेळ लागतो. तीन-चार दिवस पुरवून प्यायची असेल तर दर रात्री दाब पुन्हा ०.६ ते ०.८ बारवर नेऊन ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ओतण्याआधी सोडा. यातच कार्ट्रिज जातं. म्हणून छोटा केग चार-पाच माणसांनी एका बैठकीत संपवावा, एकट्याने आठवडाभर पुरवायला बाटल्या बऱ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोटी पूर्ण उघडा. फेस येतोय म्हणून ती अर्धवट उघडणं हा हमखास फेस आणायचा मार्ग आहे, कारण अरुंद फटीतून बिअर घुसळून निघते. ग्लास गार पाण्याने विसळून तिरका धरा. पहिला अर्धा ग्लास फेसाचाच येणार, कारण तोटीचा धातू खोलीच्या तापमानाला असतो. शिवाय साखर घातलेल्या केगात पहिल्या ओतीत गाळ येतो. तो ग्लास बाजूला ठेवा आणि दुसऱ्यापासून बिअर जोखा. तोटीवर ओलं गार फडकं टाकून ठेवलंत तर पुढच्या ग्लासांना त्रास नाही.

आता सांजांवचा बेत. फोंडा ते शिवोली गाडीत हिंदकळत गेलं की तळाचा गाळ उठणार. साखर घातलेला केग न्यायचाच असेल तर आदल्या दिवशी पोचवा आणि मित्राच्या फ्रिजमध्ये रात्रभर उभा ठेवा. ते जमत नसेल तर गढूळ बिअर गोड मानून घ्या, चव थोडी यीस्टकडे झुकते, अपाय काही नाही. मित्राच्या घरी त्या दिवशी वीज जाणार हे धरूनच चला, जूनच्या पावसात ते ठरलेलंच. टब आणि बर्फ आधीच सांगून ठेवा. वीज जाऊन केग तापला तरी नीट मोजून साखर घातली असेल तर धोका नाही, फक्त पुन्हा गार होईपर्यंत तोटीला हात लावू नका. आणि विहिरीतल्या उड्या आधी, बिअर नंतर, एवढं पथ्य पाळा.

पावसाळ्यात स्वच्छतेचं काम दुप्पट होतं. तोटीच्या तोंडाशी वाळलेल्या बिअरच्या थेंबावर आधी मुंग्या येतात, मग चिलटं, आणि चिलटांबरोबर व्हिनेगर करणारे जिवाणू. केग रिकामा झाला की त्याच रात्री धुवा. सोडियम परकार्बोनेटचं कोमट पाणी अर्धा तास, मग साधं पाणी, भरण्याआधी स्टार सॅनसारखं आम्लाचं जंतुनाशक. तोटी पूर्ण सुटी करा, आतली स्प्रिंग आणि रबर वेगळं धुवा. क्लोरीनचं ब्लीच स्टीलला लावू नका, त्याने बारीक खड्डे पडतात आणि ते पुन्हा कधीच नीट स्वच्छ होत नाहीत. धुतलेला केग झाकण लावून बंद ठेवू नका, उपडा घालून पूर्ण वाळू द्या.

कायद्याचंही सांगायला हवं. गोव्यात १९६४ चा अबकारी कायदा लागू आहे आणि मद्य बनवायला परवाना लागतो. घरी करत असाल किंवा करून बाहेर नेत असाल तर तालुक्याच्या अबकारी कचेरीत एकदा स्पष्ट विचारून घ्या. पैसे घेऊन कुणाला देण्याचा तर विचारच नको.

मोठा केग आणि सिलिंडर घ्यावा का? १९ लिटरचे केग मुळात शीतपेयांच्या सिरपसाठी निघाले, ते मजबूत आहेत आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. महिन्याला एक बॅच करत असाल, केग मावेल असा वेगळा फ्रिज असेल, तर जरूर घ्या. ४ अंशांवर ०.८ बार लावून आठवडा-दहा दिवस विसरून जायचं, हलवाहलवीची गरज नाही. त्यातून छोटा केग भरायचा तर दोन्ही आधी गार करा, छोट्यात तेवढाच दाब भरा, आणि छोट्यातला गॅस हळूहळू सोडत बिअर खालून चढू द्या. अशा केगात गाळ नसतो, तो गाडीतून कुठेही न्या. पण वर्षाकाठी तीन-चार बॅच करणाऱ्याला हा पसारा महाग पडतो, त्याला साखर आणि कार्ट्रिज पुष्कळ झालं.

सिलिंडर घेतलात तर तो उभा आणि भिंतीला बांधून ठेवा, चाचणीची तारीख बघूनच भरून घ्या. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रव राहतच नाही, त्यामुळे मे महिन्यात वरच्या मीटरचा आकडा फुगलेला दिसतो. गॅस किती उरला ते फक्त वजनावरून कळतं. पाच किलोचा सिलिंडर गळला तर अडीच हजार लिटरांहून जास्त वायू बाहेर येतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साठतो. बंद कोठीच्या खोलीत माणूस दगावू शकतो. खिडकी उघडी राहील अशीच जागा निवडा.

राहिला तुमचा सध्याचा अर्धा केग. तो टाकू नका. आज रात्रभर आणि उद्या दिवसभर फ्रिजमध्ये राहू द्या, मग नवं कार्ट्रिज लावून ०.८ बारवर ठेवा आणि जोड साबणाच्या पाण्याने तपासा. दोन दिवस हात लावू नका. अडीच लिटरसाठी एक कार्ट्रिज पुरेल. तिसऱ्या दिवशी दाब ०.३ वर आणा, तोटी पूर्ण उघडा, आणि पहिल्या अर्ध्या ग्लासानंतर जी येईल ती बिअर त्याच संध्याकाळी संपवा.